घंगाळ मोडीत देण्यापूर्वी...

लाखांदूर, प्रतिनिधी : दिवाळी आटोपली आणि धान घरात आले, की लाखांदूर तालुक्यात घरदुरुस्तीच्या कामांना वेग येतो. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठी वसलेल्या या धानपट्ट्यात मातीच्या भिंती व कवेलूंचे छप्पर असलेली घरे कमी होत असून, त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. या बदलात सर्वांत आधी पालटते ती न्हाणी. परसदारी तट्ट्याच्या आडोशाला असलेली न्हाणी घरात येते, भिंतींना चकाकत्या टाइल्स लागतात, प्लॅस्टिकची बादली आणि मग दाखल होतात. त्याच सुमारास माळ्यावरचे पितळी घंगाळ, पाण्याचे गुंड, गडवे आणि एखाद्या घरी जपलेला तांब्याचा बंब मोडीच्या तराजूत जाऊन बसतो.

विरोधाभास असा, की याच वस्तू मोठ्या शहरांतील सजावटकार 'व्हिंटेज' या नावाखाली न्हाणीघरात परत आणत आहेत. तांब्या-पितळेचे बेसिन, नक्षीदार सिमेंटच्या फरश्या, सागवानी चौकटीचा आरसा, दिवळीतला मंद प्रकाश अशा साजाचे न्हाणीघर सजवण्यासाठी तेथे मोठी रक्कम मोजली जाते. पितळी भांड्यांसाठी ख्याती मिळवलेल्या भंडारा जिल्ह्यात मात्र तोच ऐवज वजनावर विकला जातो. मोडीचा भाव हा केवळ धातूचा भाव असतो. नवे घंगाळ घेताना धातूसोबत घडणावळही मोजावी लागते. त्यामुळे एकदा गेलेले घंगाळ त्याच पैशात परत येत नाही, हा साधा हिशेब घर बांधण्याच्या घाईत लक्षात येत नाही.

'व्हिंटेज' कोणाचे?

कॅटलॉगमध्ये दिसणारे जुन्या धाटणीचे न्हाणीघर बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे असते. त्या काळी तेथील शहरांत नळाचे पाणी घरोघरी पोहोचले होते आणि रोग जंतूंमुळे होतात, हे पाश्चर व कॉख यांच्या संशोधनामुळे सर्वमान्य होत होते. मळ लगेच दिसावा आणि धुता यावा, म्हणून न्हाणीघर पांढरे झाले. ओतीव लोखंडाचे, आतून इनॅमल लावलेले आणि सिंहाच्या पंजासारखे पाय असलेले टब याच काळात रूढ झाले. पांढऱ्या, आयताकृती, विटेसारख्या रचलेल्या टाइल्स आज 'सबवे टाइल्स' म्हणून विकल्या जातात. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांतील ३ इंच बाय ६ इंचांच्या टाइल्सवरून त्यांना ते नाव मिळाले. म्हणजे एका भुयारी रेल्वेची गरज शंभर वर्षांनी आपल्याकडे शोभेची वस्तू होऊन आली.

या शैलीत वाईट काही नाही. मात्र लाखांदुरात ती जशीच्या तशी उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या आजीचे दागिने घालून मिरवण्यासारखे आहे. शिवाय व्यवहाराचाही प्रश्न आहे. एक टब भरायला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. टबातले एक स्नान म्हणजे तिघांचे दिवसभराचे पाणी. त्याउलट घंगाळात विसण घालून, गडव्याने अंगावर घेतलेली आंघोळ १५ ते २० लिटरांत होते. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहिल्यास ५० लिटर जातात. जुनी पद्धत इथे नुसती देखणी नाही, ती काटकसरीचीही आहे.

आपल्याकडील जुन्या न्हाणीचे घटक मोजकेच होते : बसायला सपाट दगड किंवा पाट, पाण्यासाठी घंगाळ, घेण्यासाठी गडवा, साबण किंवा शिकेकाईसाठी कोनाडा, कपड्यांसाठी खुंटी आणि पाय घासायला वज्री. पाणी वाहून परसातल्या केळीला किंवा अळूला जाई. अनेक घरांत तिला छप्परही नसे. २०११ च्या जनगणनेत घरांची नोंद करताना 'बाथरूम' आणि 'छत नसलेला आडोसा' असे दोन वेगळे रकाने ठेवावे लागले, यावरून ही पद्धत किती रुळलेली होती, हे ध्यानात यावे. आडोशाच्या न्हाणीचे गोडवे गाण्याचे अर्थातच कारण नाही. अंधारात, पावसात आणि थंडीत तिथे जाण्याचा त्रास घरातल्या बायकांनी सोसला आहे. न्हाणी घरात आली, हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच, की घरात येताना तिने आपले सगळे सामान बाहेर टाकून यावे काय?

आधी भिंत, मग शोभा

जुन्या घरात नवे न्हाणीघर काढताना सर्वांत मोठी चूक होते ती मातीच्या भिंतीला लागून मोरी काढण्याची. पूर्वजांनी न्हाणी परसात ठेवली, त्यामागे सोवळे-ओवळे असेल, पण त्याहून मोठे कारण मातीच्या भिंतीचे आहे. माती कोरडी असेपर्यंत छपराचा भार पेलते. पायथ्याशी सतत ओल मुरू लागली, की तिची ताकद जाते आणि पावसाळ्यात ती बसते. त्यामुळे मातीच्या घरात खोली कापून तिथेच टाइल्स ठोकणे धोक्याचे आहे. टाइल्समुळे ओल थांबत नाही, ती केवळ दिसेनाशी होते. न्हाणीघर स्वतःच्या पायावर, विटांच्या स्वतंत्र भिंतींत आणि मातीच्या भिंतीपासून थोडे अंतर राखून बांधावे. घराला जोडायचे असल्यास मधल्या जागेवर छोटी पडवी घेता येते. पडवीवर जुनी कवेलू घातली, तर नवे बांधकाम घराला शोभूनही दिसते.

विटांच्या घरातही ओलरोधक थर हा विषय टाळला जातो, कारण तो दिसत नाही. फरशी बसवण्यापूर्वी जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर हा थर देऊन, निचऱ्याचे तोंड बंद करून, किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे. पातळी उतरली किंवा शेजारच्या भिंतीला ओल दिसली, तर दोष तेव्हाच निघतो. फरशी लागल्यानंतर तोच दोष शोधायचा, तर सगळी फरशी फोडावी लागते आणि हौसेने आणलेली नक्षीही तिच्याबरोबर जाते. जमिनीला निचऱ्याकडे दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार हवा. जुन्या न्हाणीच्या दगडाला हा उतार घासून-घासून आपोआप आलेला असे. नव्या न्हाणीघरात तो गवंड्याकडून आग्रहाने करवून घ्यावा लागतो.

निचऱ्याच्या तोंडाशी बसवण्यात येणाऱ्या भांड्याला देशभरातील अभियंते 'नहानी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी अशा रीतीने सरकारी इंग्रजी तांत्रिक दस्तऐवजांत जाऊन बसली आहे. या भांड्यात नेहमी सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी अडून राहते आणि त्यामुळे गटारातील दुर्गंधी व किडे वर येत नाहीत. पाहुण्यांसाठीचे न्हाणीघर महिनोन्‌महिने बंद राहिले, की हे पाणी वाळते आणि वास येऊ लागतो. पुष्कळ जण तेव्हा फिनेल ओततात. खरे तर गडवाभर साधे पाणी पुरते.

सांडपाणी उघड्या नालीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात जिरवणे उत्तम. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून नाल्या आणि डास या दोहोंपासून सुटका करून घेतली आणि हा प्रयोग राज्यभर गाजला. खड्ड्यात केवळ आंघोळीचे व धुण्याचे पाणी सोडावे, संडासाचे नव्हे; आणि तो विहिरीपासून व बोअरपासून दूर असावा. जागा असेल, तर परसातल्या केळीचा हक्कही कायम ठेवायला हरकत नाही.

फरशी, चुना आणि सागवान

जुन्या धाटणीचा सर्वाधिक परिणाम जमिनीतून साधतो. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत आढळणारी नक्षीदार सिमेंटची फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, त्यावर साध्या सिमेंटचा थर देऊन ती दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाडीचा असल्याने पिढ्यान्‌पिढ्या चालूनही नक्षी पुसली जात नाही. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली मुंबईत स्थापन झालेली भारत टाइल्स ही कंपनी या फरश्यांसाठी नावाजली गेली. सध्या गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या सिरॅमिक टाइल्सवर हीच नक्षी छापलेली मिळते. ती स्वस्त असते आणि निगा राखायलाही सोपी. अस्सल सिमेंटची फरशी पाणी शोषते, तिला सीलर लावावे लागते आणि आम्लाने ती खराब होते. रोजच्या वापरातील न्हाणीघरात छापील नक्षी निवडली, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. टाइल मात्र खरखरीत, मॅट असावी. चकचकीत टाइलवर साबणाचे पाणी सांडले, की घरातील वृद्धांच्या मांडीच्या हाडाशी गाठ असते आणि त्या वयात हे हाड मोडणे म्हणजे अनेकदा कायमचे अंथरूण धरणे.

शहाबादी, कोटा किंवा कडप्पा हे दगड आपल्याकडे सहज मिळतात आणि जुन्या न्हाणीशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. पॉलिश न केलेला शहाबादी दगड ओला असतानाही पाय धरून ठेवतो. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आम्ल हा त्यांचा शत्रू आहे. न्हाणीघर 'चकाचक' करण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ॲसिड दगडाचा पृष्ठभाग खाते, सांध्यांतील सिमेंट पोखरते आणि शेजारच्या पितळी नळाला काळे-हिरवे डाग पाडते. सौम्य साबण, ब्रश आणि नियमितपणा एवढे या दगडांना पुरते. लाल ऑक्साइडचा घोटलेला कोबा हा आणखी एक स्वस्त आणि देखणा पर्याय; परंतु तो गुळगुळीत असल्याने जमिनीऐवजी भिंतीच्या खालच्या पट्ट्यासाठी किंवा ओट्यासाठी वापरावा.

भिंतीला छतापर्यंत टाइल्स लावण्याची चाल अलीकडची आहे. बादली-घंगाळाने आंघोळ होत असेल, तर चार फुटांपर्यंत टाइल किंवा दगड आणि वर चुन्याची सफेदी पुरेशी होते. शॉवर असल्यास त्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत न्यावे. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. पूर्व विदर्भातल्या लांबलेल्या पावसाळ्यात याचा फायदा कळतो. अर्थात वर झरोका किंवा जाळी नसेल, तर कोणताच रंग टिकणार नाही. खर्चही वाचतो, ही गोष्ट टाइल्सचा दुकानदार सांगत नाही.

जुने घर पाडताना निघालेले सागवान हा विदर्भातील घरांचा मोठा ठेवा. पडक्या दाराच्या चौकटीतून आरशाची चौकट, फळीतून टॉवेलची मांडणी आणि जुन्या खुंट्या तशाच्या तशा वापरता येतात. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते पाण्याला दाद देत नाही. तरी जमिनीला टेकलेले लाकूड खालून कुजते, म्हणून ते भिंतीवर टांगावे. कोनाड्याचे मात्र जरा जपून. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असत, त्यात कुठेही कोनाडा निघे. आजच्या साडेचार इंची भिंतीत तो नंतर कोरता येत नाही. बांधतानाच ठरवावा लागतो, तळाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्यावा लागतो आणि आतून ओलरोधक थरही लावावा लागतो.

पितळ खरे आणि खोटे

बाजारात 'अँटिक ब्रास' म्हणून मिळणारे सगळेच नळ पितळेचे नसतात. काहींवर केवळ पितळी रंगाचा मुलामा असतो आणि आत प्लॅस्टिक किंवा जस्ताचा मिश्रधातू. लोहचुंबक चिकटला, तर ते पितळ नव्हे, हे नक्की. मात्र चिकटला नाही म्हणजे पितळच, असेही नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. हातात घेतल्यावर जाणवणारा जडपणा आणि आटे असलेल्या भागाचा आतला पिवळा रंग या खुणा अधिक भरवशाच्या. चार पाकळ्यांच्या मुठीचे नळ जुन्या घरांची आठवण करून देतात खरे, परंतु सांधेदुखीने बोटे आखडलेल्या हातांना ते पिळवत नाहीत. घरात वयस्कर माणसे असतील, तर एका बोटाने ढकलता येणारा दांडीचा नळ घ्यावा आणि हौस आरशावर भागवावी. आधाराची दांडीही पितळी रंगाची मिळते. ती टाइलवर नव्हे, तर मागच्या विटेत खोलवर घट्ट बसवलेली हवी; आयत्या वेळी माणसाचा सगळा भार तिच्यावर येतो.

बसून आंघोळ करण्याची जुनी रीतही वृद्धांसाठी सुरक्षित आहे. पाटावरून उठताना गुडघे कुरकुरत असतील, तर १६ ते १८ इंच उंचीचा दगडी किंवा पक्का बांधलेला ओटा त्याच जागी करता येतो आणि घंगाळ त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीवर ठेवता येते.

घंगाळाला भोक पाडून त्याचे बेसिन करण्याची कल्पना सध्या लोकप्रिय आहे. धड घंगाळाला भोक पाडणे जिवावर यावे; गळके किंवा तळ झिजलेले असेल, तर अवश्य करावे. अशा वेळी ओट्याची उंची नेहमीपेक्षा कमी ठेवावी लागते. भांड्याची वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर आली पाहिजे. अन्यथा लहान मुलांना टाचा उंच कराव्या लागतात आणि मोठ्यांच्या कोपरावरून पाणी ओघळते. खालचे जोड पितळेचे असावेत. तांबे-पितळेला लोखंडाचा ओला स्पर्श झाला, की लोखंड लवकर गंजते.

घंगाळात पाणी अधिक वेळ गरम राहते, असे घरोघरी सांगितले जाते. ते खरे नाही. धातू उष्णता लवकर बाहेर सोडतो आणि पसरट तोंडातून वाफही भरभर जाते. प्लॅस्टिकच्या बादलीतले पाणी त्याहून उशिरा निवते. घंगाळाचे सुख वेगळे आहे. गडवा पूर्ण बुडतो, विसण नीट मिसळते आणि चार पिढ्यांनंतरही ते फुटत नाही.

बंबाची सावधगिरी

जुन्या न्हाणीचा राजा म्हणजे तांब्याचा बंब. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेले, म्हणजे हातोडीने ठोके देऊन मजबूत व चमकदार केलेले बंब प्रसिद्ध होते. त्याची रचना साधी आणि हुशारीची. मध्ये उभी नळी, तिच्यात पेटते कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, खाली राखेची जाळी आणि नळीभोवती पाणी. तांबे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने थोड्या जळणात पाणी तापते. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले, की तापलेले पाणी बाहेर येते. रिकामा बंब पेटवला, तर मात्र सांध्यांचे डाग वितळून तो कायमचा निकामी होतो.

हा बंब पूर्वी परसात किंवा उघड्या पडवीत पेटत असे. आजच्या बंद, काचेच्या खिडकीच्या न्हाणीघरात तो पेटवणे जीवघेणे ठरू शकते. कोळसा जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला आधी गुंगी येते, मग दार उघडण्याचेही बळ उरत नाही. गॅस गीझरचा धोकाही नेमका हाच असून, तो न्हाणीघराबाहेरच बसवला पाहिजे. बंब वापरायचाच असेल, तर उघड्या पडवीत वापरावा. न्हाणीघरात तो शोभेपुरता, रिकामा आणि थंड असावा.

त्याहून सर्रास घडणारी चूक म्हणजे पितळी घंगाळात विजेचा रॉड सोडून पाणी तापवणे. रॉडच्या आवरणाला बारीकशी चीर असली, तरी संपूर्ण घंगाळात वीज उतरते आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात त्याला लागतो. धातूच्या भांड्यात रॉड कदापि वापरू नये. १५ लिटरचा विजेचा गीझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज घेतो. हा गीझर वर, कोपऱ्यात, लाकडी जाळीआड बसवला, तर जुन्या साजात खटकत नाही. त्याला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच हवाच. दिवे पितळी ठेवावेत, पण आत एलईडी, तोही २७०० केल्व्हिनच्या आसपासचा, पिवळसर असावा. शुभ्र प्रकाशात पितळ फिके दिसते.

राहता राहिली निगा. बोअरचे पाणी जड असेल, तर पितळेवर पांढरे ठिपके धरतात. आंघोळीनंतर कोरड्या फडक्याने पुसले, की ते टळतात. आठवड्याला एकदा चिंच-मिठाने घासून लगेच स्वच्छ धुवावे. ज्यांना घासण्याचा कंटाळा आहे, त्यांनी पितळ काळवंडू द्यावे. जुन्या वस्तूला तो रंगही शोभतो. आंघोळीच्या भांड्याला कल्हईची गरज नसते. घंगाळ गळत असेल, तर मोडीवाल्याला बोलावण्याआधी ते भंडाऱ्याच्या कासारांकडे दाखवावे. स्टील आणि प्लॅस्टिक आल्यापासून हा व्यवसाय बराच आक्रसला असला, तरी तळाला डाग देणारे, कडी बदलणारे हात तिथे अजून आहेत.